पांगुळगाड्यानंतरची सायकल

मार्च संपत आला होता. आरे-वारे भागातील एका हापूसच्या बागेत फळमाशीसाठी टांगलेले रक्षक सापळे पाहायला गेलो होतो. काम आटोपल्यावर बागायतदारांनी चहासाठी घरी नेले. घर उतारावर, जांभ्याच्या चिऱ्यांचे. अंगणातून पाखाडीच्या पायऱ्या खाली उतरतात त्या थेट रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या सागरी रस्त्यावर. रस्त्यापलीकडे सुरूची झाडे आणि मग समुद्र. पाहुण्याला वाटावे, काय ही जागा! घरच्या माणसाला मात्र त्याच रस्त्याची धास्ती. दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्या तिथून एकामागून एक धावत असतात.

ओटीवर त्या घरची दोन वर्षांची नात पांगुळगाडा ढकलीत होती. गाडा तिच्या आजोबांच्या वेळचा, तीन चाकी, सागाचा. धरून धरून दांडा अगदी गुळगुळीत झालेला. पोर आता धावू लागली होती, त्यामुळे गाडा तिच्यापुढे पळे आणि ती त्याच्यामागे. चहा घेता घेता तिच्या वडिलांनी मोबाइलवर एक चित्र दाखविले. दोन चाके, बैठक, हँडल. पायडल नाही, साखळी नाही.

"साहेब, ही बॅलन्स सायकल. मुंबईला मेव्हण्याच्या मुलाकडे पाहिली. हिच्यासाठी घ्यावी म्हणतो. कोणती घ्यावी?"

माजघरातून आजींचा आवाज आला, "साहेब, तुम्हीच सांगा याला. गेल्या महिन्यात तो पांगुळगाडा घरंगळत पाखाडीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत गेला. पोर वरच थांबली म्हणून बरं. आता चाकांवर पोरीलाच बसवतो म्हणतोय!"

मी आंब्याच्या मोहोराचा आणि भाताच्या रोपवाटिकेचा सल्ला देणारा माणूस. पण या विषयात एकदा पैसे घालवून शहाणा झालेलो आहे, म्हणून बोललो. तेच इथे सविस्तर लिहितो. अशी सायकल हल्ली तालुक्याच्या दुकानात मिळते, पार्सलनेही घरपोच येते, आणि वाडीवाडीत कोणाचा तरी मुंबईचा पाहुणा ती घेऊन येतो.

प्रथम हे काय प्रकरण आहे ते पाहू. पोर बैठकीवर बसते, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असतात आणि पायांनी जमीन मागे लोटीत पुढे जाते. सुरुवातीला नुसते चालते, मग ढांगा टाकते, आणि काही आठवड्यांनी पाय उचलून चार-सहा हात तशीच तरंगत जाते. ज्या दिवशी ते पाय उचलते त्या दिवशी तोल आला असे समजावे.

ही कल्पना नवी वाटते, पण सायकलचा जन्मच मुळी असा बिनपायडलचा आहे. जर्मनीत बाडेन संस्थानात कार्ल ड्रायस नावाचा वनाधिकारी होता. त्याने १२ जून १८१७ रोजी मानहाइम गावातून दोन चाकांचा लाकडी गाडा पायांनी जमीन लोटीत हाकला, आणि जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटरचा पल्ला तासाभराच्या आत गाठला. शेतकऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट त्यामागे सांगतात. १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. त्याच्या धुळीने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच पडला नाही. पिके बुडाली, घोड्यांना घालायचा ओट महागला, घोडी पोसणे कठीण झाले. घोड्यावाचून जाण्याची युक्ती शोधावी असे ड्रायसला त्यामुळेच वाटले असावे, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. पायडल मात्र १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये आले. म्हणजे माणसांनी आधी तोल शिकला आणि पायडल मागाहून. लहान मुलांची आजची लाकडी सायकल पुन्हा जर्मनीतच १९९७ साली बाजारात आली आणि तिथून सगळीकडे पसरली.

तोल आधी शिकविण्यात काय हशील, असे कोणी विचारील. आपण गोऱ्ह्याला शिकवतो तेव्हा पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. मानेवर नुसते जू ठेवतो, शेजारी जुना बैल देतो, मग रिकामा ओंडका ओढायला लावतो. एका वेळी एकच गोष्ट. बाजूला दोन छोटी चाके लावलेल्या सायकलीवर मूल पायडल मारायला शिकते, पण सायकल कलतच नसल्यामुळे तोल शिकत नाही. ती चाके काढली की रडारड सुरू होते, ढोपरे फुटतात. आपण सगळे त्यातूनच गेलो. आमच्या वेळी तर बापाच्या सायकलीत नळीखालून पाय घालून शिकावे लागे. बॅलन्स सायकलवरून आलेली मुले बाजूच्या चाकांवर शिकलेल्या मुलांपेक्षा लहान वयातच दुचाकी चालवू लागतात, असे पोर्तुगालमधील संशोधकांच्या पाहणीत अलीकडे आढळले आहे. माझ्या नातवाच्या बाबतीत मला तेच दिसले.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण नावांचा घोटाळा होतो. पोराला मध्ये बसवायचे आणि खाली चाके असलेले जे गोल प्लॅस्टिकचे वॉकर मिळते, ते निराळे. त्यात बसलेले आठ-नऊ महिन्यांचे मूल डोळ्यांदेखत ओटीच्या कडेला जाते आणि पायऱ्यांवरून खाली पडते. कॅनडाने २००४ सालापासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. कोकणातल्या ओटी-पडवीच्या घरात तर ते मुळीच आणू नये. आपला पांगुळगाडा पुष्कळ बरा, कारण मूल त्याच्यामागे स्वतःच्या पायांवर उभे असते. बॅलन्स सायकल त्याच्या पुढची पायरी आहे, आणि पोर न अडखळता चालू लागल्याखेरीज तिचा विचार करू नये. साधारण दीड ते दोन वर्षांनंतर. घाई करून काही मिळत नाही.

पाय मोजा, वय नव्हे

आता माझी चूक. नातवाला दोन वर्षे पूर्ण झाली तेव्हा मी पार्सलने एक सायकल मागविली. खोक्यावर ठळक छापले होते, दोन वर्षांपासून. मी तेवढे वाचले आणि खूश झालो. बियाण्याच्या पिशवीवरची प्रत्येक ओळ वाचा असे गावोगाव सांगणारा मी, पण इथे चित्र पाहून भुललो. सायकल आली, बैठक अगदी खाली केली, तरी पोराच्या टाचा जमिनीवरून उचललेल्या. दोन दिवस चवड्यांवर डगमगला, तिसऱ्या दिवशी आडवा झाला आणि मग सायकल पाहिली तरी रडू लागला. मागाहून मोजले तर बैठक जमिनीपासून ३६ सेंटीमीटर, आणि नातवाच्या पायाचे माप ३१. पाच सेंटीमीटरचा फरक पोराच्या दृष्टीने केवढा, ते मला तेव्हा कळले.

म्हणून पहिले काम मापाचे. पोराला रोज घालायचे बूट घालून भिंतीला पाठ लावून उभे करावे. दोन्ही पायांच्या मध्ये एक पातळ वही आडवी धरून ती हळूच वर, जांघेपर्यंत न्यावी आणि वहीच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी. जमिनीपासून खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे पायाचे माप. पोर स्थिर उभे राहत नाही, तेव्हा दोन-तीनदा मोजावे आणि त्यातले लहान माप धरावे. दोन वर्षांच्या बऱ्याच मुलांचे माप ३० ते ३५ सेंटीमीटरच्या आसपास भरते. सायकलची बैठक सर्वांत खाली असताना या मापापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर कमी उंचीवर असली पाहिजे. माप ३४ असेल तर बैठक ३१ किंवा ३२. मग पूर्ण तळवे टेकतात, गुडघा किंचित वाकतो आणि लोटायला जोर येतो. त्याच बैठकीला वर चढायला आठ-दहा सेंटीमीटर जागा असावी, म्हणजे तीच सायकल चार वर्षांपर्यंत पुरते.

दुकानदाराला बैठकीची सर्वांत खालची उंची विचारा. चाक किती इंची, एवढेच तो सांगेल. बहुतेक सायकली १२ इंची चाकांच्याच असतात, त्यावरून काही कळत नाही. टेप बरोबर न्यावी, नाहीतर पोरालाच न्यावे.

दुसरी गोष्ट वजन. पोराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा सायकल हलकी असावी. बारा किलोच्या पोराला साडेतीन किलोच्या वर नको. पोर पडणारच, आणि पडल्यावर ती अंगावर येणार, मग तिनेच ती उचलून पुन्हा उभी करायची. उचलता येत नाही अशी सायकल पोर सोडून देते.

टायर दोन तऱ्हेचे मिळतात. एक फोमचे भरीव, ज्यांत हवा नसते. हलके, पंक्चर नाही, स्वस्त. मुंबईच्या गुळगुळीत लादीवर ते उत्तम. आपल्याकडे जांभ्याची बारीक खडी आणि अंगणात आलेली मुळे. त्यावर फोमचे टायर उडतात, आणि ओल्या चिऱ्यावर चटकन घसरतात. हवेचे रबरी टायर थोडे जड, पण पकड चांगली आणि धक्काही कमी. अंगण सारवलेले किंवा कोब्याचे, सपाट असेल तर फोम चालेल. खडबडीत असेल तर हवेचेच घ्यावेत. पंक्चर काढणारा माणूस गावात असतोच.

किनाऱ्याच्या गावांत आणखी एक शत्रू आहे, खारा वारा. घाटावरच्या शेतकऱ्याला ही अडचण समजणार नाही. आरे-वाऱ्याला अंगणात टांगलेला खिळासुद्धा एका पावसाळ्यात तांबूस होतो. लोखंडी सांगाडा घ्यायचा तर रंगाचा थर जाड आणि अखंड आहे ना ते पाहावे, विशेषतः सांध्यांवर. ॲल्युमिनियम हलके, त्यावर तांबेरा चढत नाही, पण किंमत जास्त, आणि त्याचेही नट-बोल्ट बहुधा लोखंडीच असतात. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून बोल्टांवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडावेत. खोबरेल नको, ते चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. प्लायवूडच्या सायकली दिसायला गोड असतात, मात्र ज्या घरात पावसाची झड पडवीपर्यंत येते तिथे त्या फुगतात आणि थर सुटतात. माझी ती पहिली सायकल लोखंडी होती. नातू वर्षभराने तिच्यावर बसण्याजोगा झाला तोवर पडवीत एक पावसाळा काढून तिच्या बैठकीचा बोल्ट असा धरला होता की तो कापावा लागला. तो दोष सायकलचा नव्हे, माझा.

गावच्या सुताराकडून करून घ्यावी का, असेही एका ठिकाणी विचारले गेले. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची जुनी परंपरा आहे, पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची. खेळणी म्हणून ती सुंदरच. पण सायकलच्या पुढच्या काट्यावर पोराचा सगळा भार आणि धक्का येतो, तिथे हलके लाकूड टिकणार नाही. कसबी सुतार असेल तर पांगुळगाडा जरूर करून घ्यावा. सायकल मात्र कारखान्याची बरी. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या मालाला तेवढी सूट आहे. तेव्हा खोक्यावर ते चिन्ह शोधावे. हँडलची टोके रबराने बोंडासारखी जाड झाकलेली असावीत, नाहीतर पडताना पोटात घुसतात. चाकांत पोराचा अंगठा जाईल अशा फटी नसाव्यात. चाकांचे नट टोपणाखाली हवेत, ते पोटरीला लागतात. पाय ठेवायला मध्ये फळी दिलेली असते तिचे मला फारसे अगत्य नाही; पोरे पाय उचलून बाहेर धरतात आणि त्यातच त्यांना मौज वाटते.

ब्रेक असतो का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. काही सायकलींना हातात दाबायचा ब्रेक असतो, पण दोन वर्षांच्या मुठीत तो दाबण्याचे बळ नसते, आणि घाबरलेल्या पोराला त्याची आठवणही होत नाही. त्याचा ब्रेक म्हणजे त्याचे तळवे. सपाटीवर ते पुरतात. उतारावर पुरत नाहीत. आमच्या भागात सारे काही इथेच येऊन ठेपते.

चेंडूची परीक्षा

त्या दिवशी आजींचे म्हणणे मला पटले होते, पण मुलाचेही मन मोडवेना. मी म्हटले, "घरात चेंडू आहे का?" पोरीचा प्लॅस्टिकचा चेंडू होता. तो अंगणाच्या मध्ये अलगद ठेवला आणि सोडला. क्षणभर थांबला, मग पाखाडीच्या बाजूला सरकू लागला, पायरीवर आला, टप टप उड्या मारीत खाली गेला आणि रस्त्याच्या मध्यावर जाऊन स्थिरावला. पर्यटकांची एक गाडी आली, चेंडूला वळसा घालून निघून गेली. कोणीच काही बोलले नाही. शेवटी मुलगाच खाली जाऊन तो घेऊन आला.

डोळ्यांना ते अंगण सपाट दिसत होते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून कोकणातील बहुतेक अंगणांना मुद्दाम उतार दिलेला असतो, आणि तो तसाच असला पाहिजे. म्हणून सायकल आणण्यापूर्वी प्रत्येक घराने चेंडूची ही परीक्षा चारही बाजूंनी करून पाहावी. चेंडू जिकडे जातो तिकडे पोर जाणार. तिकडे गडगा आहे का, वई आहे का, की पाखाडी, विहीर किंवा रस्ता?

त्या घराच्या बगलेला भात झोडण्याचे खळे होते. खळे चोपून सपाटच केलेले असते. तिथे चेंडू ठेवला तो जागचा हलला नाही. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला घराची भिंत. विहीर पलीकडे, तिला कमरेइतका कठडा. उघडी होती ती फक्त अंगणाकडची बाजू. मी मुलाला सांगितले, "सायकल घ्या, पण आधी तिथे बेडे लावा. बेडे लागेपर्यंत सायकल घरात आणू नका." बांबू घरचे, एका सकाळचे काम. आजींनी माझ्याकडे पाहून विचारले, "आणि पोरीनं बेडं उघडलं तर?" प्रश्न योग्य होता. बेड्याचा वरचा बांबू तिच्या डोक्यापेक्षा वर आणि अडकवण पलीकडच्या अंगाला, असे ठरले.

दुसरी गोष्ट ठरली ती लक्ष ठेवण्याची. आपण दोन वर्षांच्या पोराला गती देत आहोत. चालणारे पोर नजरेआड झाले तर हाक मारून पकडता येते. चाकांवरचे पोर तेवढ्यात दुसऱ्या टोकाला पोहोचलेले असते. आणि कोकणातील घरात एप्रिल-मेमध्ये माणसांना बसायला फुरसत नसते. तोडणी, आढी लावणे, पेट्या भरणे, टेम्पोची वेळ. त्या दिवसांत पोराकडे लक्ष देणारे माणूस म्हणजे बहुधा म्हातारी किंवा आठ-नऊ वर्षांचे भावंड. म्हणून सायकलसाठी भिंतीत उंच खुंटी ठोकावी. मोठे माणूस मोकळे असेल तेव्हाच ती खाली येईल, आणि काम निघाले की पुन्हा खुंटीवर जाईल. पोर दोन दिवस रडेल, मग त्याला नियम कळतो.

पावसाळ्यात मृगापासून नवरात्रापर्यंत बाहेरचे विसरावे. चिऱ्यांवर शेवाळ धरते, मोठी माणसेसुद्धा घसरतात. पडवी रुंद असेल आणि तिला कठडा असेल तर आत फिरवावी. समुद्राच्या पुळणीवर नेण्याचा मोह अनेकांना होतो. कोरड्या वाळूत चाक रुतते, आणि ओली घट्ट वाळू तिथेच मिळते जिथे लाट पोहोचते. आरे-वाऱ्याचा समुद्र धोक्याचा आहे, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. शिवाय वाळू आणि खारे पाणी चाकाच्या छऱ्यांत गेले की सायकल संपलीच.

डोक्याला हलके सायकलचे हेल्मेट घालावे. मोटारसायकलचे नको, त्याचे वजन पोराच्या मानेला झेपत नाही. भुवयांच्या वर दोन बोटे अंतरावर ते बसले पाहिजे, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जाईल एवढेच सैल असावे. पायांत बंद बूट हवेत. चपला निसटतात आणि बोटे सोलवटतात.

खर्चाचे म्हणाल तर चांगली सायकल दोन-तीन हजारांपासून पुढे मिळते, आणि तिचा उपयोग दीड-दोन वर्षेच. म्हणून एका वाडीत दोन घरांनी मिळून घेतली किंवा मुंबईच्या पाहुण्याची जुनी आणली तरी काही कमीपणा नाही. जुनी घेताना पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल हलवून पाहावे. सैल असेल तर बोल्ट आवळून सुधारते का ते बघावे. काट्याच्या सांध्याशी बारीक चीर दिसली तर फुकट मिळाली तरी घेऊ नये.

घरात मोठ्या भावंडाची १२ किंवा १४ इंची छोटी सायकल पडून असेल तर तीही उपयोगी पडते. मात्र ती सात-आठ किलोची असते आणि बैठकही उंच, म्हणून दोन वर्षांच्या पोराला नको. साडेतीन-चार वर्षांच्या पोराला, पाय टेकत असतील तर चालेल. पायडले काढून टाकावीत. उजवे पायडल नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवून सुटते. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे जोर करून आटे मारलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत. नुसती पायडले काढली तर क्रँकचे दांडे राहतात आणि पोटऱ्यांवर आपटतात, तेव्हा सायकल दुकानात नेऊन क्रँक आणि साखळीही काढून घ्यावी. काढलेले सुटे भाग आणि नट एका डब्यात, थोडे तेल लावून, नाव घालून ठेवावेत. पोर पाय उचलून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न टेकता जाऊ लागले की त्या डब्याची गरज पडते.